ग्रँड ज्युरी : खटल्याआधीची चाळणी

अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीने अमुक एकावर आरोप ठेवले, अशी बातमी आली की आपल्याकडे अनेकांना तो माणूस दोषीच ठरला असं वाटतं. ग्रँड ज्युरी म्हणजे सामान्य नागरिकांचं मंडळ, आणि ते दोष ठरवतच नाही. खटला उभा राहण्याइतका पुरावा आहे का, एवढंच ते बघतं.

मूळ इंग्लंडात, राजा दुसऱ्या हेन्रीच्या ११६६ च्या फर्मानात. शंभरीच्या, म्हणजे परगण्यासारख्या भागाच्या, १२ आणि दर गावच्या ४ माणसांनी शपथेवर सांगायचं, की आमच्यात दरोडेखोर, खुनी, चोर म्हणून कुणाचा बोभाटा आहे. पुरावा म्हणून तो बोभाटाच पुरे. पुढे संशयिताला पाण्याचं दिव्य करावं लागे. साक्षीदार ऐकून, तेही बंद दाराआड, ठरवण्याची रीत नंतरची.

त्या बंद दाराचं मोल १६८१ मध्ये कळलं. शाफ्ट्सबरीचा अर्ल, म्हणजे राजाला विरोध करणारा एक सरदार, याच्यावर राजद्रोहाचा आरोप होता. लंडनच्या ग्रँड ज्युरीला साक्षी भर कोर्टात ऐकायला लावल्या. ज्युरर डगमगले नाहीत. त्यांनी साक्षीदारांना उलटसुलट विचारलं आणि आरोपपत्रावर एकच लॅटिन शब्द लिहून दिला : 'इग्नोरामस', आम्हांला ठाऊक नाही. म्हणजे आरोप फेटाळला. ज्युरी राजाच्या विरोधकांनी निवडलेली होती, हेही खरं. तरी सत्तेला नाही म्हणता येतं, हे लोकांनी पाहिलं.

मुंबईतही ग्रँड ज्युरी होती. १८२६ च्या कायद्याने ख्रिस्ती नसलेल्यांना साध्या ज्युरीत, म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या ज्युरीत, घेतलं, पण ग्रँड ज्युरीत नाही आणि ख्रिस्ती आरोपीच्या खटल्यातही नाही. हा उघड अपमान १८३२ मध्ये दूर झाला. १८६५ मध्ये इथली ग्रँड ज्युरीच गेली. आज आपल्याकडे आरोप निश्चित करतो तो न्यायाधीश, आणि त्याआधी आरोपीला बाजू मांडता येते.

इंग्लंडनेही १९३३ मध्ये ती जवळजवळ मोडीत काढली. अमेरिकेत मात्र १७९१ च्या पाचव्या घटनादुरुस्तीमुळे गंभीर केंद्रीय गुन्ह्यांसाठी ती टिकली. राज्यांवर सक्ती नाही, असं १८८४ मध्ये ठरलं. केंद्रीय ग्रँड ज्युरीत १६ ते २३ सदस्य, आरोपाला १२ मतं हवीत. १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ ऐकीव पुराव्यावर ठेवलेला आरोपही चालवून घेतला. १९९२ मध्ये तर, आरोपीच्या बाजूचा पुरावा दाखवायला सरकारी वकील बांधील नाही, असं सांगितलं. मला हे फार अन्यायाचं वाटतं. त्या खोलीत न्यायाधीश नसतो, बचावाचा वकील नसतो. साक्षीदाराला सल्ला हवा असेल तर त्याने उठून बाहेर यायचं. त्याचा वकील दाराबाहेर थांबलेला असतो.