कट्टी वेगळी, छळ वेगळा

'मुलांमुलांचं आहे, मोठ्यांनी मध्ये पडू नये.' सोसायटीच्या बाकावर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. दुसरं टोक शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिसतं. तिथे कोणी खोडरबर हिसकावलं तरी लगेच 'बुलिंग'. दोन्हीकडचा घोळ एकच आहे: भांडण आणि छळ यांतला फरक न ओळखणं.

भांडण आपण सगळेच कोळून प्यायलोय. बॅट कोणाची, राज्य कोणावर, सकाळी कट्टी, संध्याकाळी बट्टी. त्यावर जास्त लिहीत नाही.

छळाच्या तीन खुणा डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञांनी सांगितल्या. १९७०च्या दशकापासून ते यावर अभ्यास करत होते, पुढे नॉर्वेतल्या शाळांमधून त्यांनी मोठं काम उभं केलं. मुद्दाम दुखावणं, ते पुन्हा पुन्हा करणं आणि दोघांच्या ताकदीत तफावत असणं, या त्या तीन खुणा. पहिल्या दोन लोकांना चटकन पटतात. सगळे अडखळतात ते तिसऱ्या खुणेशी, कारण ताकद म्हटली की आपण दंड बघतो.

मुलांमधली ताकद दंडात क्वचितच असते. चेंडू कोणाचा आहे, खेळायला कोणाला घ्यायचं हे कोण ठरवतं, कोण नवीन राहायला आलंय, कोणाच्या बोलण्याला बाकीचे हसतात, कोण अजून अंथरूण ओलं करतो हे कोणाला ठाऊक आहे, यांवर ती ठरते. त्यामुळे सहा वर्षांचं काडीपैलवान पोर नऊ वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या मुलाला रडकुंडीला आणू शकतं. उलट, दोन बरोबरीच्या मित्रांनी एकमेकांचं नाक फोडलं तरी ते भांडणच असतं. आपण नेमकं उलट करतो: रक्त दिसलं की धावतो आणि रक्त नसलं की 'चालायचंच' म्हणतो.

माझी कसोटी साधी आहे. त्या मुलाचं टाइमप्लीज चालतं का?

माझी मुलगी सात वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. लपाछपीत सलग तीन संध्याकाळी राज्य तिच्यावरच. दुसऱ्या विंगमधली एक मुलगी चकूच द्यायची नाही, 'आजपण हिच्यावरच' एवढंच म्हणायची आणि बाकीचे पाच जण पळायचे. ती मुलगी माझ्या मुलीपेक्षा डोकंभर बुटकी. तिसऱ्या दिवशी बुटाची लेस सुटली म्हणून माझ्या मुलीने टाइमप्लीज घेतलं. 'तुझं टाइमप्लीज चालत नाही,' ती म्हणाली आणि सगळे हसले. हे मी खिडकीतून स्वतः ऐकलं. आदल्याच दिवशी मी दोघींना समोरासमोर उभं करून एकमेकींना सॉरी म्हणायला लावलं होतं. त्या रात्री मुलीने विचारलं, 'आई, उद्या खाली नाही गेले तर चालेल?'

ते सॉरी ही माझी चूक होती. भांडणात दोघांना समोर बसवायचं, कारण थोडं थोडं दोघांचंही चुकलेलं असतं. छळात तसं केलं की सोसणाऱ्याला आपण सांगतो, अर्धी चूक तुझी. छळणाऱ्याला कळतं की मोठ्यांसमोर एक सॉरी पुरते. म्हणून इथे दोघांशी वेगवेगळं बोलायचं. 'तूही एक ठेवून दे' हा सल्ला तर देऊच नका. बाजूने कोणी नसलेलं मूल हात उगारतं आणि शिक्षाही त्यालाच होते.

परक्याच्या मुलाला रागवायचं का? छळ डोळ्यांसमोर चालू असेल तर तिथेच थांबवायचा, एका वाक्यात, आवाज न चढवता: 'राज्य चकून ठरवायचं.' मग त्याच्या आईवडिलांना गाठायचं. 'तुमच्या मुलीला वळण नाही' म्हणालात तर संवाद संपला. कोणत्या दिवशी काय पाहिलं, कोणते शब्द ऐकले, तेवढंच सांगा. मी तसं सांगितल्यावर तिची आई बराच वेळ गप्प होती. शाळा बदलल्यापासून तिथे हिला कोणी खेळायला घेत नाही, असं मग म्हणाली.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. खेळगड्याच्या अंगावर वळ दिसले, त्याला घरी जायची भीती वाटत असली किंवा वयाला न शोभणारं लैंगिक वागणं तो इतर मुलांवर लादत असला, तर त्याच्या घरी जाऊन जाब विचारू नका. त्रास घरातूनच होत असेल तर ते मूल आणखी अडकतं. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो, तिथे फोन करा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

आमच्या पार्किंगमध्ये दुसऱ्या दिवशी सगळे चकले. राज्य पुन्हा माझ्या मुलीवरच आलं. खांबाला डोकं टेकवून ती शंभरपर्यंत मोजत होती, तिसऱ्या मजल्यावर ऐकू येईल एवढ्या मोठ्याने.