ज्येष्ठांचे फ्लू लसीकरण : परिचारिकेची भूमिका

वृद्धांनी दरवर्षी फ्लूची (इन्फ्लुएन्झाची) लस घ्यावी म्हणून परिचारिका करीत असलेले प्रबोधन, शंकानिरसन व प्रत्यक्ष लसीकरण. उतारवयात रोगप्रतिकारशक्ती मंदावते. तरुण माणूस ज्या फ्लूतून आठवड्यात उठतो, तोच वृद्धांत न्यूमोनियापर्यंत जातो किंवा जुना हृदयविकार बळावतो. विषाणू रूप पालटतो आणि लसीचे संरक्षणही ओसरते, त्यामुळे गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही. जागतिक आरोग्य परिषदेने 2003 मध्ये वृद्धांसाठी 75 टक्के लसीकरणाचे उद्दिष्ट ठरवले. मुदत 2010 ची होती.

इंग्लंडमध्ये 2000 पासून 65 वर्षांवरील सर्वांना ही लस मोफत मिळते. तिथे हे काम मुख्यतः फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातील परिचारिकांनी पेलले. मंजूर लेखी कार्यपद्धतीनुसार त्या प्रत्येक रुग्णासाठी वेगळी चिठ्ठी न मागता लस देऊ शकतात. रक्तदाब किंवा साखर तपासायला आलेल्या आजोबांशी विषय काढला, त्यांनी होकार दिला, की तिथेच दंडात सुई. होकार आणि सुई यांत दिवस गेले की बरेच जण परत येत नाहीत, म्हणून हा अधिकार मोलाचा. घराबाहेर पडू न शकणाऱ्यांकडे परिचारिका घरी जातात. 2021-22 च्या हंगामात तिथले ज्येष्ठांचे लसीकरण 82.3 टक्क्यांवर पोहोचले. 2015 पासून औषधविक्रेतेही लस टोचतात.

खरे कौशल्य बोलण्यात आहे. “लस घेतली आणि फ्लूच झाला” ही तक्रार नेहमीची. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही. दंड दुखणे, अंग मोडून येणे, किंचित ताप एक-दोन दिवस राहतो. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि सर्दी-खोकल्याचे इतर विषाणू या लसीला जुमानत नाहीत. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, मात्र तो गंभीर होण्याची शक्यता घटते, हे परिचारिकेने आधीच सांगायला हवे. ते दडवले तर पुढच्या वर्षी तो माणूस फिरकणार नाही. आधीच्या लसीची तीव्र ॲलर्जी विचारणे, सध्या ताप असल्यास लस पुढे ढकलणे हेही तिच्याकडेच.

भारतात ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. बहुतेक ज्येष्ठ ती स्वखर्चाने घेतात. स्वाईन फ्लूच्या साथीनंतर महाराष्ट्राने 2015 मध्ये गरोदर स्त्रियांना, तसेच मधुमेह व उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ती मोफत देण्यास सुरुवात केली. या दोन्ही आजारांचे कितीतरी वृद्ध तपासणीसाठी परिचारिकेसमोर येतच असतात; विषय काढायची जागा तीच.