गायझरपासून दूर उभे राहण्याचा नियम कसा आला

ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक घरांतले आई-वडील मुलांकडे अमेरिकेला जातात, तेव्हा यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची सहल बहुतेक वेळा ठरलेलीच असते. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीच्या कुंडांत उतरून स्नान करण्याची ज्यांना लहानपणापासून सवय आहे, त्यांना तिथली एक गोष्ट चटकन जाणवते. जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याला हात लावायचा नाही, लाकडी पायवाटेवरून खाली पाऊल टाकायचे नाही आणि ओल्ड फेथफुल हा प्रसिद्ध गायझर (म्हणजे थांबून थांबून उकळते पाणी उंच फेकणारा झरा) उसळतो तो दूरच्या बाकांवर बसून पाहायचा, असा तिथला नियम आहे. या नियमामागे सुमारे दीडशे वर्षांचा अनुभव आहे आणि दुर्दैवाने त्यातला मोठा भाग नुकसानीचा आहे.

आधी दोन्हीकडच्या पाण्यातला फरक पाहिला पाहिजे. तानसा नदीकाठची आपली कुंडे पालघरपासून रायगडमधील उन्हेरे, सव आणि पुढे रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरपर्यंत पसरलेल्या गरम झऱ्यांच्या पट्ट्यात येतात. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या वसईच्या विजयानंतर वज्रेश्वरीचे मंदिर बांधले. ज्या खडकातून हे पाणी वर येते, तो मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे आणि त्या लाव्ह्याची उष्णता केव्हाच निवून गेली आहे. भेगांतून खोलवर मुरलेले पाणी तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापते आणि वर येताना शांतपणे पाझरते. यलोस्टोनखाली मात्र आजही तप्त शिलारस आहे. तिथला शेवटचा महाविस्फोट सुमारे ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी झाला, आणि भूगर्भाच्या दृष्टीने हा काळ अगदी अलीकडचा आहे.

केवळ उष्णता असून भागत नाही, हे आइसलँडमधील संशोधनातून कळले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन १८४६ मध्ये तिथे गेले आणि त्यांनी सहकाऱ्यासह गायझरच्या नळीत वेगवेगळ्या खोलीवरचे तापमान मोजले. वरच्या पाण्याच्या दाबामुळे खालचे पाणी नेहमीच्या उत्कलनबिंदूच्या वर जाऊनही उकळत नाही. मात्र वरचे थोडे पाणी बाहेर सांडून दाब उतरला की ते एकदम वाफेत रूपांतरित होते आणि सगळा स्तंभ वर फेकला जातो, हे त्यांच्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले. त्यासाठी नळी मजबूत असावी लागते आणि कुठेतरी चिंचोळीही असावी लागते. यलोस्टोनच्या खडकात सिलिका (वाळूत असते ते खनिज) भरपूर आहे. गरम पाणी ती विरघळवून आणते आणि शतकानुशतके नळीच्या भिंतींवर तिचा लेप चढवते. ओल्ड फेथफुलच्या नळीत कॅमेरा सोडला, तेव्हा सुमारे ७ मीटर खोलीवर एक जागा जेमतेम ११ सेंटीमीटर रुंद असल्याचे आढळले. म्हणजे ३० ते ५५ मीटर उंच जाणारा हा फवारा वीतभरापेक्षाही अरुंद वाटेवर अवलंबून आहे. अशा वाटेत कोणी दगड टाकला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

दगड टाकणारे मात्र फार लवकर आले. शोशोनी, क्रो आदी मूळनिवासी लोक हजारो वर्षे या प्रदेशात वावरत होते. १८७० मध्ये वॉशबर्न यांच्या नेतृत्वाखालील तुकडी इथे पोहोचली आणि तिने ओल्ड फेथफुलला त्याचे नाव दिले. पुढच्या वर्षी हेडन यांच्या सरकारी पाहणीसोबत गेलेल्या थॉमस मोरान यांची चित्रे आणि विल्यम हेन्री जॅक्सन यांची छायाचित्रे वॉशिंग्टनला पोहोचली, आणि १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या सहीने जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. त्याच्या राखणीसाठी ना पैसा दिला गेला, ना मनुष्यबळ. माझ्या मते पुढच्या सगळ्या हानीचे मूळ या एका उणिवेत आहे.

त्या काळातले पर्यटक गायझरभोवतीचे सिलिकाचे नक्षीदार कठडे फोडून आठवण म्हणून घरी नेत आणि उरलेल्या खडकावर नावे कोरत. १८८० च्या दशकातील एका प्रवास-मार्गदर्शिकेत ओल्ड फेथफुलचा वापर कपडे धुण्यासाठी होत असल्याचा उल्लेख आहे. मुखात टाकलेले सुती कपडे उसळीबरोबर स्वच्छ होऊन बाहेर पडत, लोकरीच्या कपड्यांच्या मात्र चिंध्या होत. साबण टाकला की काही गायझर वेळेआधी उसळतात, असे लक्षात आल्यावर तोही खेळ सुरू झाला. ‘हँडकरचीफ पूल’ या कुंडात रुमाल टाकला की तो आत ओढला जाऊन थोड्या वेळाने धुतलेला वर येई. लोकांनी त्यात इतके काही टाकले की शेवटी ते तुंबले. नॉरिस भागातील मिनिट गायझर घोडागाड्यांच्या थांब्याजवळ होता, आणि गाडीची वाट पाहणाऱ्यांनी त्याचे मोठे मुख दगडांनी बुजवून टाकले. गोकर्णीच्या फुलासारख्या निळ्या ‘मॉर्निंग ग्लोरी’ कुंडातून १९५० मध्ये पाणी उपसून काढले, तेव्हा नाणी, रुमाल आणि कचऱ्याचा ढीग वर आला. आत येणारे गरम पाणी कमी झाल्याने कुंडाच्या कडा निवल्या, तिथे पिवळे-नारिंगी सूक्ष्मजीव वाढले आणि मूळचा निळा रंग मध्यभागापुरता उरला.

१८८६ मध्ये उद्यान लष्कराच्या ताब्यात दिले गेले. नमुने गोळा करण्यास आणि झऱ्यांत काही टाकण्यास मनाई झाली, आणि खडकावर नाव कोरणाऱ्यांना सैनिक ते स्वतःच्या हातांनी घासून काढायला लावत. शिक्षा करण्याचा ठोस कायदा १८९४ मध्ये आला. तोवर अपराध्याला उद्यानाबाहेर काढण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली आणि दोन वर्षांनी लष्कर निघून गेले. लाकडी पायवाटांचे जाळे त्यानंतरच्या काळात वाढत गेले. त्या जशा झऱ्यांसाठी आहेत, तशाच माणसांसाठीही आहेत: वरून घट्ट दिसणारा सिलिकाचा थर काही ठिकाणी पातळ असतो आणि त्याखाली उकळते पाणी असते. या पाण्यात होरपळून आजवर वीसहून अधिक माणसांनी जीव गमावला आहे.

गायझरला धोका फक्त पर्यटकाच्या हातून असतो असेही नाही. न्यूझीलंडमध्ये वैराकेई येथील भूऔष्णिक वीजकेंद्र १९५८ मध्ये सुरू झाले; विहिरींतून गरम पाणी आणि वाफ उपसली जाऊ लागल्यावर शेजारच्या खोऱ्यातील गायझर काही वर्षांत बंद पडले. अमेरिकेच्या १९७० च्या भूऔष्णिक कायद्याने राष्ट्रीय उद्यानांत अशा उपशाचे परवाने द्यायला बंदी घातली. जगातील सक्रिय गायझरांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या यलोस्टोनमध्ये उरले असल्याने ही बंदी मला अत्यावश्यक वाटते.

भूकंप मात्र कोणत्याही कायद्याने थांबत नाहीत. १९५९ चा हेबगेन सरोवराजवळचा आणि १९८३ चा बोरा पीकचा, अशा दोन भूकंपांनंतर ओल्ड फेथफुलच्या दोन उसळ्यांतील अंतर वाढले. एकेकाळी सरासरी तासाभराच्या जवळपास असलेले हे अंतर आता दीड तासाच्या घरात आहे. त्याच्या उंचवट्यावर सापडलेल्या खनिज बनलेल्या लाकडाचे वय तपासल्यावर तेराव्या-चौदाव्या शतकात तिथे झाडे वाढत होती, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. दीर्घ अवर्षणामुळे त्या काळात गायझर अनेक दशके थांबलेला असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला आहे. आज पुढच्या उसळीचा अंदाज आधीच्या उसळीवरून बांधला जातो. ती अडीच मिनिटांहून कमी चालली तर नळीत बरेच तापलेले पाणी शिल्लक असते आणि पुढची उसळी तासाभरात येते. ती लांबली तर प्रतीक्षा दीड तासाच्या आसपास जाते. फलकावर लावलेली वेळ दहा मिनिटे इकडे-तिकडे होऊ शकते, म्हणून बाकावर जागा धरायची असेल तर त्या हिशेबाने आधीच पोहोचावे.