ट्रान्स-ॲम शर्यती, ऐतिहासिक

ट्रान्स-ॲम या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या पर्वातील (१९६६–७२) मोटारींच्या, जुन्या नियमांच्या चौकटीत आज भरवल्या जाणाऱ्या ट्रॅक शर्यती. कॅलिफोर्नियातील लागुना सेका येथे १९७४ पासून होणाऱ्या जुन्या मोटारींच्या मेळाव्यात हा गट विशेष गर्दी खेचतो.

या मोटारींना सरसकट ‘मसल कार’ म्हणतात. ते कितपत योग्य, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक या प्रकाराचा उगम १९४९ च्या ओल्ड्समोबील रॉकेट ८८ पर्यंत, तर काही १९५५ च्या क्रायस्लर सी-३०० पर्यंत नेतात. बहुतेकांचा कल १९६४ च्या पाँटिॲक जीटीओकडे दिसतो आणि तो अधिक सयुक्तिक वाटतो. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत दंडक होता. पाँटिॲकने ३८९ घन इंचांचे इंजिन स्वतंत्र मॉडेल म्हणून न आणता जादा पैसे मोजून घ्यायचा पर्याय म्हणून दिले आणि दंडक चुकवला. मध्यम बांधा व मोठे इंजिन ही व्याख्या काटेकोरपणे लावली, तर ट्रान्स-ॲममध्ये मसल कार जवळजवळ धावलीच नाही. तेथील मस्टँग, कमॅरो या लहान बांध्याच्या ‘पोनी कार’ होत आणि इंजिनावर ५ लिटरची (सुमारे ३०५ घन इंचांची) मर्यादा होती. रूढ वापरात मात्र हा भेद उरलेला नाही.

मालिका स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेने सुरू केली. मार्च १९६६ मधील, फ्लोरिडातील सीब्रिंगची पहिली शर्यत ऑस्ट्रियाचा चालक यॉखेन रिंटने छोट्या आल्फा रोमिओतून जिंकली. विजेतेपद चालकाला नव्हे, उत्पादकाला मिळे. त्यामुळे खरी झुंज सुट्या भागांच्या यादीवर होई. ठरावीक संख्येने बाजारात आलेली गाडी व तिच्यासाठी नोंदवलेले भागच ग्राह्य धरले जात. या प्रक्रियेला होमोलोगेशन म्हणतात. शेव्हरलेने ३२७ घन इंचांच्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये (ओतीव सांगाड्यात) २८३ घन इंचांच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट (दट्ट्यांची हालचाल फिरत्या गतीत बदलणारा दांडा) घालून ३०२ घन इंचांचे इंजिन जुळवले व ते कमॅरो झेड/२८ मध्ये दिले (१९६७ मध्ये ६०२ गाड्या). १९७० मध्ये स्ट्रोक (दट्ट्याची वर-खाली धाव) कमी करून इंजिन मर्यादेत बसवण्याची मुभा मिळाली. त्यामुळे डॉज चॅलेंजर टी/ए रस्त्यावर ३४० घन इंचांची, तर ट्रॅकवर सुमारे ३०५ ची, असा प्रकार झाला. त्याच वर्षी दोन कार्बोरेटरांची (इंधन व हवा मिसळणाऱ्या भागांची) जोडी बंद होऊन चार नळ्यांचा एकच कार्बोरेटर उरला.

नियमांना बगल देण्याचे किस्से विपुल आहेत. रॉजर पेन्स्कीच्या संघाने १९६७ च्या एका कमॅरोचा पत्रा आम्लात बुडवून पातळ केला आणि गाडी हलकी केली होती. १९६८ मध्ये सीब्रिंगला हीच हलकी गाडी नाही, तर तिची नियमात बसणारी जड जोडीदार क्रमांक बदलून दोनदा तपासणीला नेली, असेही सांगतात. पण सांगणारे कोणती गाडी दोनदा गेली याविषयी एकसारखे बोलत नाहीत. याच संघाच्या १९६९ च्या गाड्यांवरील व्हिनाइलचे छत सुरकुतलेला पातळ पत्रा झाकण्यासाठी होते, असा प्रवाद आहे.

आजच्या नियमांची गुंतागुंत येथूनच सुरू होते. अस्सल स्थिती म्हणजे कारखान्यातून निघालेली नव्हे, तर त्या हंगामात शर्यतीला उतरलेली. म्हणजे त्या काळचा फेरफार ग्राह्य, नंतरचा नव्हे. हिस्टॉरिक ट्रान्स-ॲम गटात गाडीचा त्या काळातील शर्यतींचा इतिहास कागदपत्रे व छायाचित्रांनी सिद्ध करावा लागतो. हुबेहूब प्रतिकृती चालत नाही. रंगसंगती व क्रमांकही त्या काळचेच ठेवतात. सुरक्षिततेपुरती सवलत असते : आसनपट्टे, इंधनाची सुरक्षित टाकी, अग्निशामक. नव्याने ओतलेले ब्लॉक व मजबूत क्रँकशाफ्ट कितपत चालवून घ्यावेत, हा वादाचा मुद्दा आहे. साठ वर्षांपूर्वीचे ओतीव लोखंड किती वेळा बोर करणार (आतून कोरून रुंद करणार), हा मालकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही.

ऑस्ट्रेलियातील ‘ग्रुप एनसी’ हा ऐतिहासिक मोटारींचा गट (१९६५–७२) याहून उदार आहे. तेथे गाडीचा प्रकार व नोंदवलेले भाग पाहतात. त्या विशिष्ट गाडीने पूर्वी शर्यत केली असण्याची अट नाही.