नॅनोकण ‘थेट गाठीतच’ जातात का?

‘नॅनोकणांतून जनुकीय औषध दिलं की ते थेट कॅन्सरच्या गाठीत जातं, बाकी शरीराला धक्काही लागत नाही’, हा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय. आशा वाटणं साहजिकच. पण हा नॅनोकण म्हणजे बहुधा साधारण १०० नॅनोमीटरचा चरबीचा गोळा; तो शिरेतून रक्तात गेला की एपोई नावाचं प्रथिन त्याला चिकटतं, आणि यकृताच्या पेशी ते ओळखून कण आत ओढतात. बराचसा डोस तिथेच जातो. (अशाच कणांतून दिलं जाणारं, २०१८ साली आलेलं पॅटिसिरान हे जनुकीय औषध यकृतासाठीच होतं, ते उगाच नव्हे.) गाठीपर्यंत थोडाच पोचतो; म्हणून काही चाचण्यांत सुई सरळ गाठीतच टोचतात. पडताळायचं तर शोधनिबंधातला ‘बायोडिस्ट्रिब्युशन’चा, म्हणजे औषध कुठल्या अवयवात किती गेलं याचा, तक्ता उघडा: यकृत, प्लीहा, गाठ, प्रत्येकाचा आकडा समोर. प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, तेही तिथेच कळतं.