वीतभर निघाली, हातभर पोचली

किरणोत्सवाला कोल्हापूरच्या अंबाबाईच्या गरुड मंडपात उभं राहिलं की सगळ्यांच्या माना एकदा महाद्वाराकडे, एकदा गाभाऱ्याकडे. मावळतीचं ऊन पितळी उंबरठ्यावर येतं, चढत चढत देवीच्या चरणांशी पोचतं आणि बघता बघता विरतं. सूर्य, महाद्वार आणि मूर्ती एका रेषेत आली तरच हे घडतं. वर्षातले मोजकेच दिवस. क्षितिजावर ढग आला, वाटेत इमारतीचा कोपरा आडवा आला, की संपलं.

आकाशात मात्र कधी कधी आडवं आलेलंच मदतीला येतं. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले अर्णब चक्रवर्ती आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले निरुपम रॉय यांनी तिच्या नोंदींतून एका दूरच्या दीर्घिकेतल्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या अफाट समूहातल्या, हायड्रोजनचा संदेश वेचून काढला. जानेवारी 2023 मध्ये ते जाहीर झालं. संदेश निघाला तेव्हा विश्व 4.9 अब्ज वर्षांचं होतं. आज ते 13.8 अब्ज वर्षांचं आहे.

हायड्रोजन बोलतो तरी कसा? त्याच्या अणूतल्या प्रोटॉनला आणि इलेक्ट्रॉनला स्वतःची फिरकी असते. दोन्ही फिरक्या एका दिशेच्या असल्या की अणूकडे किंचित जादा ऊर्जा असते. इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली, की ती ऊर्जा 21 सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर होऊन बाहेर पडते. एकटा अणू आपणहून असं करायला सरासरी 1 कोटी वर्षांहून जास्त वेळ घेतो! अणू अफाट आहेत म्हणूनच काही ऐकू येतं.

21 सेंटिमीटर म्हणजे वीतभर. ती वाटेत असताना विश्व प्रसरण पावत राहिलं आणि लहरही ताणली गेली. खोडदला पोचली तेव्हा 48 सेंटिमीटरची, चांगली हातभर झाली होती. किती ताणली यावरूनच तिचं वय कळतं.

एवढ्या लांबून आलेली क्षीण लहर एरवी हाती लागली नसती. पण तिच्या वाटेत दुसरी एक दीर्घिका होती. जड वस्तूभोवती अवकाशच वाकतं, आणि प्रकाश असो की रेडिओलहर, त्या वाकलेल्या वाटेनंच तिला जावं लागतं. आइन्स्टाइनच्या या म्हणण्याला 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणातल्या खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्या निरीक्षणांनी पुष्टी दिली. इथे तेच झालं. आपल्याला चुकवून भलतीकडे गेल्या असत्या त्या लहरीही मधल्या दीर्घिकेला वळसा घालून आपल्याकडे वळल्या आणि संदेश सुमारे 30 पट ठळक झाला. हे गुरुत्वीय भिंग. अट किरणोत्सवाचीच, तिघं जवळपास एका रेषेत हवेत.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. त्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचं वस्तुमान तिच्यातल्या ताऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघालं. तारे घडवायचा कच्चा माल तिथे अजून भरपूर शिल्लक होता.

याहून मागे, विश्व जेमतेम 30 कोटी वर्षांचं होतं तिथवर गेलं, तर ही लहर ताणून तीन मीटरच्या आसपास जाते. म्हणजे 100 मेगाहर्ट्झ. हा तर एफएमचा पट्टा! महाद्वार रोडवरच्या दुकानात रेडिओवर गाणं लागतं, त्याच पट्ट्यात ती लहर येते आणि गाण्याखाली दबून जाते. म्हणून तिला ऐकायला ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसनच्या निर्जन माळावर 1,31,072 अँटेना उभारल्या जात आहेत.