देवाचा दरबार : पगार सोडलेल्या एका पाळकाची गोष्ट

१९१७ साली अमेरिकन मराठी मिशनच्या एका पाळकानं मिशनचा पगार सोडला. वय पंचावन्न. कविता, प्रवचनं, वर्तमानपत्र या तिन्हींत नाव झालेलं, आणि घरात स्वतःच्या मुलांखेरीज वेळोवेळी आणून सांभाळलेली दुसऱ्यांची पोरं. गाठीला काही असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण हातात आलेला रुपया संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी अडचणीला लावून मोकळं व्हायचं, ही या गृहस्थाची जुनी खोड. नारायण वामन टिळक त्यांचं नाव. (केसरीवाले टिळक वेगळे. हा खुलासा आजही करावा लागतो.)

पगार सोडून त्यांनी संन्यास घेतला, साताऱ्याला बिऱ्हाड केलं आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचं एक कुटुंब, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले बसतील आणि न घेतलेलेही बसतील, अशी ती कल्पना. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले. म्हणजे दरबाराला आयुष्य मिळालं ते जेमतेम दीड-पावणेदोन वर्षांचं.

या दरबाराबद्दल लिहिताना बहुतेक जण भगवी वस्त्रं, अभंग, भजन यांवर थांबतात. मला वाटतं, खरी गोम पगारात होती. त्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागेल.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, तिथून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ठाणं केलं आणि पुढे नगर हेच मराठी ख्रिस्ती समाजाचं मोठं केंद्र बनलं. शाळा आल्या, छापखाना आला, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. या सगळ्याचं पाकीट मात्र बोस्टनला होतं. मिशनचं मुख्य मंडळ तिथे बसायचं.

आता बाप्तिस्मा घेणाऱ्या माणसाचं काय व्हायचं ते पाहा. उच्च जातीतला असेल तर घर सुटायचं, बायको माहेरी जायची, आईबाप जिवंतपणी सुतक धरायचे. महार-मांग समाजातला असेल तर गावकीच्या कामाशी आणि बलुत्याशी असलेलं नातं अडचणीत यायचं. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा १८५० साली झाला खरा, पण कायद्यानं शेतात वाटा मिळाला तरी पंगतीत पाट मिळत नाही. मग उरायचं ते मिशनचं कंपाउंड. राहायला तिथेच खोली, नोकरी तिथेच: शिक्षक, उपदेशक, छापखान्यातला जुळारी, बायबल विकणारा. मुलं मिशनच्या बोर्डिंगात. यात कुणाचा दुष्टावा नव्हता, उलट त्या खोलीनं कित्येकांचे जीव वाचवले. पण जो खोली देतो त्याच्यासमोर ‘मला असं वाटत नाही’ म्हणणं जड जातं, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या जड जात राहिलं. शेजारचा हिंदू माणूस तर सरळ म्हणायचा, पोटासाठी बाटला.

या कोंडीतून वाट काढायचा प्रयत्न टिळकांच्या आधीही झाला होता. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ निजामाच्या मुलखात बेथेल नावाचं ख्रिस्ती गावच वसवलं. नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे ख्रिस्ताच्या जीवनावर कीर्तनं करू लागले, पूर्वरंग-उत्तररंगाच्या रीतीनं, आणि शुभवर्तमानाला रस्त्यावर न थांबणारी माणसं कीर्तनाला मात्र बसायची. मराठी मुलखाबाहेर हीच ऊर्मी जास्त उघड बोलू लागली होती. मद्रासला १८८६ मध्ये डॉ. पुलनी अँडी यांनी ‘नॅशनल चर्च’ काढलं. कलकत्त्यात कालीचरण बॅनर्जी आणि जयगोविंद शोम यांनी १८८७ मध्ये ‘ख्रिस्तो समाज’ उभा केला. दोन्हींचं म्हणणं एकच: युरोपातल्या पंथांची भांडणं आमच्या माथी का? मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन यांच्यातला फरक कलकत्त्यातल्या बंगाली माणसाला कशाला हवा? दोन्ही प्रयत्न फार काळ तगले नाहीत. बहुतेक ख्रिस्ती माणसांची भाकरी मिशनशी बांधलेली, त्यांनी उठून यायचं तरी कुठे?

पंडिता रमाबाईंनी वेगळ्या रीतीनं हेच केलं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला तेव्हापासूनच कोणत्या चर्चचं कोणतं मत मानायचं यावरून त्यांचे आणि तिथल्या मठातल्या सिस्टर्सचे खटके उडत होते. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी कुठल्याच एका पंथाचं जू मानेवर घेतलं नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर स्वतः केलं आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या बायकांनी छापलं. पण रमाबाईंच्या मागे अमेरिकेतल्या देणगीदारांचं जाळं होतं. ती सोय टिळकांना नव्हती.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन घर, संस्कृतचा व्यासंग, पाय मात्र कधी एका गावात न टिकणारे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी गप्पा सुरू झाल्या. विषय संस्कृत काव्याचा. उतरताना त्यानं टिळकांना नवा करार दिला आणि म्हणाला, हा नीट वाचलात तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. तो कोण होता ते टिळकांना कधीच कळलं नाही. त्यांनी वाचायला घेतलं ते कवीच्या कुतूहलानं, आणि ख्रिस्ताच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे त्या अनोळखी माणसाची मुदत पाळली गेली म्हणायची. विधी करायला त्यांनी गोरा मिशनरी नको म्हटलं, भारतीय पाळक हवा म्हटलं. पुढे १९१७ ला जे झालं त्याचं बी इथेच दिसतं.

घरचं रामायण सर्वांना ठाऊक आहे. पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याच्या घरातल्या, जवळजवळ पाच वर्षं वेगळ्या राहिल्या. मग नगरला आल्या तेव्हा आधी आपली चूल वेगळी मांडली, आणि पुढे १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्या सगळ्याची हकिकत त्यांनी स्वतः ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहून ठेवली असल्यामुळे इथे पुन्हा सांगत बसत नाही.

नगरला टिळक मिशनरी डॉ. ह्यूम यांच्या धर्मशिक्षण शाळेत शिकवू लागले, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचं संपादन त्यांच्याकडे आलं. पण त्यांनी सगळ्यात खोलवर हात घातला तो गाण्यात.

मिशनच्या उपासनेत त्या काळी इंग्रजी गीतांची भाषांतरं इंग्रजी चालींवर म्हटली जात. आता यातली अडचण पाहा. इंग्रजी चालीत ओळीच्या शेवटचा सूर लांबतो, कारण वजनदार शब्द तिथे आलेला असतो. मराठी वाक्याच्या शेवटी काय येतं? क्रियापद. म्हणजे ‘प्रभू’ झटक्यात उरकायचा आणि ‘आहे’ किंवा ‘केले’ यावर सगळ्या मंडळीनं गळा ताणून उभं राहायचं. शिवाय ऱ्हस्व अक्षर ओढून दीर्घ, दीर्घ दाबून ऱ्हस्व. खेड्यातून आलेल्या बाईला ते पाठ व्हायचं, पण जात्यावर बसून तिच्या तोंडी यायचं नाही. टिळकांनी अभंग घेतला. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, बस्स. हे माप मराठी कानात सहाशे वर्षं मुरलेलं. ओवी घेतली, पदं घेतली, आर्त भक्तीची भाषा घेतली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत, आणि तो पूल ओलांडल्यावर त्यांनी पाडला नाही. ख्रिस्ताला ‘माउली’ म्हणणं हा त्यांच्या दृष्टीनं प्रयोग नव्हता, दुसऱ्या शब्दात त्यांना ते म्हणताच आलं नसतं.

गंमत अशी की याला मिशननं फारसा विरोध केला नाही. कुरकुर झाली असेल, पण गोऱ्या मिशनऱ्यांनीच टिळकांची गाणी उचलून धरली, गीतसंग्रहात घातली. चाल देशी झाली तरी पाकीट बोस्टनलाच राहतं, त्यामुळे कुणाचं काही जात नव्हतं.

बाहेरची हवाही तापत होती. वंगभंगानंतर स्वदेशीचा जोर, आणि १९०५ च्या नाताळात सेरामपूरला भारतीय ख्रिस्ती पुढाऱ्यांनी नॅशनल मिशनरी सोसायटी काढली: माणसं भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय. त्या सोसायटीतले तमिळ कार्यकर्ते अझरय्या १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत उभे राहिले आणि भर सभेत म्हणाले, तुम्ही आम्हाला खूप दिलंत, आता मित्र द्या. सभेत चुळबुळ झाली. मालक चांगला असला तरी तो मित्र होत नाही, ही गोष्ट सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या दोघांच्याही जिव्हारी लागते.

टिळकांनी दुखणं तिथेच ओळखलं आणि स्वतःपासून सुरुवात केली. उपदेश करतो म्हणून महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतात, तोवर ऐकणारा उपदेशाकडे बघणार नाही, पैशाकडेच बघणार. आपल्याकडे साधूला कुणी पगार देत नाही. त्याला शिधा मिळतो, आणि तो मिळेल याची हमी नसते. हमी नसणं हीच साधूची सनद. पगारी साधू ही कल्पनाच मराठी माणसाच्या पचनी पडत नाही, हे टिळकांना मिशनऱ्यांपेक्षा आतून कळत होतं, कारण ते स्वतः कीर्तनकारांच्या मुलखात वाढले होते.

एक लक्षात घ्यावं, ते मिशनशी भांडून निघाले नाहीत. ‘ज्ञानोदय’चं संपादन सुरूच राहिलं. दरबार हा नवा पंथ नाही, जुन्या चर्चला पर्यायही नाही, असंच त्यांचं म्हणणं होतं. पण दोन गोष्टींनी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दारालाच हात लागत होता. पहिली, पगाराला नकार. एकानं सोडला की बाकीच्यांचा पगार डोळ्यांवर येतो. दुसरी त्याहून अवघड: बाप्तिस्मा न घेतलेल्यांना जागा. चर्चची नोंदवही बाप्तिस्म्यापासून सुरू होते. मंडळीत कोण आणि बाहेर कोण, प्रभुभोजनाला कुणी बसायचं, कुणाचं लग्न लावायचं, कुणाला दफनभूमीत जागा द्यायची, सगळं त्या एका ओळीवरून ठरतं. टिळक म्हणत होते की ख्रिस्तावर प्रेम करणारे कित्येक हिंदू घरांत आहेत, त्यांना घर तोडायला न लावता आपलं म्हणा. हे ऐकून ख्रिस्ती मंडळीला वाटलं, हा बामण परत फिरतोय. साताऱ्याच्या आळीतल्या माणसाला वाटणार, हा गोड बोलून बाटवण्याचा नवा डाव. बाप्तिस्मा घेऊन घरदार गमावलेल्या जुन्या माणसांचा तिसरा सवालही रास्तच होता: मग आम्ही एवढं सोसलं ते कशासाठी? या सवालाला दरबाराकडे समाधानकारक उत्तर नव्हतं, असं मला वाटतं. टिळकांची उत्तरं बहुधा कवितेतून यायची, आणि कविता नोंदवहीत बसत नाही.

आणखी एक उणीव होती, ती टिळकांच्या स्वभावातली. संस्था म्हणजे हिशेब, नियम, नेमलेली माणसं. यातलं त्यांना काहीच जमत नसे. दरबार त्यांच्याभोवती होता, त्यांच्या बोलण्यात आणि गाण्यात होता. त्यांना बाजूला काढलं की उरेल अशी चौकट उभी राहायला वेळही मिळाला नाही. तब्येत ढासळली, आणि ९ मे १९१९ ला मुंबईत ते गेले. आपल्याला पुरू नये, दहन करावं, ही त्यांची इच्छा होती. ख्रिस्ती पाळकाला अग्नी देणं त्या काळी केवढं चमत्कारिक वाटलं असेल! पण तसंच झालं, आणि रक्षा नगरला नेली.

पुढचं थोडक्यात. दरबार पांगला. टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, पुढे पुण्यात त्याचा आश्रम झाला. खादी, जमिनीवरची बैठक, भारतीय-युरोपियन एका पंगतीला. पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले व्हेरियर एल्विन भारतात प्रथम आले ते याच संघात. मिशनच्या मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या आणि १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा त्यात आल्या. कारभार भारतीय हातांत आला, टिळक गेल्यावर पन्नास वर्षांनी.

टिळकांचं ख्रिस्ताच्या जीवनावरचं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ अकराव्या अध्यायाच्या मध्यावर थांबलं होतं. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्यांना लिहायला-वाचायला टिळकांनीच शिकवलं होतं. आणि रविवारी नगरकडच्या कुठल्याही मंडळीत जाऊन बसलात तर पेटीवाला सूर धरतो, पाळक गीताचा आकडा पुकारतो, पानं फडफडतात. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाची अनुक्रमणिका सहज चाळा. कवीच्या रकान्यात पुन्हा पुन्हा तेच नाव येतं, शंभराहून जास्त वेळा. दरबाराच्या सभासदांची यादी मात्र कुठे छापलेली नाही.